लस देल्ली, मग कोंबड्या काहून मेल्या?

आपल्या वऱ्हाडात पोल्ट्री करणाऱ्या कोणाजवळही दहा मिनिटं बसा, हा प्रश्न हमखास ऐकायला मिळतो. "लस तं देल्ली होती बावा, मंग काहून मेल्या?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "लसच डुप्लिकेट होती" किंवा "आपलं नशीबच खोटं" असं दिलं जातं. मला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत. म्हणून हा लेख.

इंजिनिअरिंग कॉलेजचं मॅगझीन आणि त्यात कोंबड्या, हे वाचून काही जण हसतील. हसा! पण लेख संपेपर्यंत तुम्हाला थर्मोडायनॅमिक्स, लॉगॅरिदम आणि रिलायबिलिटी हे तीनही विषय खुराड्यात सापडतील याची गॅरंटी देते. अजून एक गोष्ट. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'प्रतिपिंड' म्हटलं की मला आधी मनात 'अँटिबॉडी' असं भाषांतर करावं लागतं. म्हणून इथे मी अँटिबॉडीच म्हणणार आहे. समजून घ्या.

शत्रू कोण?

कोंबड्यांचे व्हायरल रोग बरेच आहेत, पण आपल्याकडे सगळ्यात जास्त भीती राणीखेतची. गावात त्याला 'मानमोडी' म्हणतात. नाव अगदी बरोबर आहे, कारण आजारी कोंबडीची मान पिळवटल्यासारखी वाकडी होते. तोंड उघडं टाकून ती श्वास घेते, हिरवी हगवण लागते, पंख आणि पाय लुळे पडतात. लस नसलेल्या कळपात हा रोग शिरला तर शंभरातल्या नव्वद कोंबड्याही मरू शकतात. औषध नाही. अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, व्हायरसवर चालत नाही.

हा रोग १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला दिसला, म्हणून जगात त्याला 'न्यूकॅसल डिसीज' म्हणतात. पुढच्या एक-दोन वर्षांत तो कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला सापडला आणि भारतात तेच नाव पडलं. त्याच डोंगरात मुक्तेश्वरला सरकारी पशुवैद्यक संशोधन संस्था होती. १९४० च्या दशकात तिथे या रोगावरची लस तयार झाली. तिला 'मुक्तेश्वर स्ट्रेन' किंवा 'आर-टू-बी' म्हणतात आणि ती आजही वापरतात. 'लासोटा' ही दुसरी प्रसिद्ध लस १९४६ मध्ये अमेरिकेतल्या न्यूजर्सीच्या एका पोल्ट्री फार्मवर सापडलेल्या सौम्य व्हायरसपासून बनली. लासोटा हे त्या फार्मच्या मालकाचं आडनाव!

राणीखेतशिवाय गंबोरो (अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या गावाचं नाव), देवी म्हणजे फाउल पॉक्स, आणि मॅरेक्स हे महत्त्वाचे रोग. मॅरेक्स हा कोंबड्यांचा कॅन्सर आहे आणि तो व्हायरसमुळे होतो. त्यावरची लस १९७० च्या सुमारास आली. कोणत्याही प्राण्यात कॅन्सर टाळणारी ती पहिली यशस्वी लस. म्हणजे माणसाच्या आधी कोंबडीला कॅन्सरची लस मिळाली.

कोंबडीच्या शरीरातली सिक्युरिटी

लस म्हणजे औषध नाही, ती एक रिहर्सल आहे. कमजोर केलेला किंवा मेलेला व्हायरस शरीराला दाखवायचा, शरीर त्याला ओळखून अँटिबॉडी तयार करतं आणि ती ओळख लक्षात ठेवतं. खरा व्हायरस आला की तयारी आधीच झालेली असते. लॅबमध्ये कमजोर केलेल्या जंतूंची पहिली लससुद्धा लुई पाश्चरने कोंबड्यांवरच केली, १८७९-८० मध्ये, कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर. (तो रोग बॅक्टेरियाचा, पण तत्त्व तेच.)

आता एक मस्त गोष्ट. कोंबडीच्या शेपटीजवळ, विष्ठेच्या मार्गाला लागून, एक छोटी पिशवी असते. तिला 'बर्सा' म्हणतात. तिचं काम काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. १९५० च्या दशकात ओहायोमध्ये ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी ही पिशवी काढलेल्या कोंबड्यांवर काम करत होता. दुसऱ्या एका विद्यार्थ्याला वर्गात अँटिबॉडीचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं, त्याने ग्लिककडून कोंबड्या मागून नेल्या. प्रात्यक्षिक फसलं. पिशवी नसलेल्या कोंबड्यांत अँटिबॉडी तयारच झाल्या नाहीत! त्या फसलेल्या प्रॅक्टिकलमधून समजलं की अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी बर्सामध्ये घडतात. १९५६ मध्ये त्यांनी हे छापलं, तेही कोंबड्यांच्या विषयाच्या जर्नलमध्ये. आज डॉक्टर माणसाच्या रक्तातल्या ज्या 'बी-सेल'बद्दल बोलतात, त्यातला 'बी' हा बर्साचा आहे.

हे का सांगितलं? कारण गंबोरोचा व्हायरस नेमका या बर्सावरच हल्ला करतो. पिल्लू त्यातून जगलं तरी त्याची अँटिबॉडीची फॅक्टरी तुटलेली असते. मग राणीखेतची लस कितीही चांगली द्या, माल तयार होणार कुठे? वरून धडधाकट दिसणाऱ्या पिल्लांमध्ये लस का 'लागत' नाही, याचं हे पहिलं उत्तर.

आईची देणगी आणि लॉगॅरिदम

दुसरं उत्तर टायमिंगचं. लसवंत कोंबडीच्या अंड्यातून पिल्लाला आईच्या तयार अँटिबॉडी मिळतात, त्या अंड्याच्या बलकातून येतात. पहिले काही दिवस त्या पिल्लाला सांभाळतात. पण त्याच अँटिबॉडी लसीतल्या व्हायरसलाही शत्रू समजून मारतात! म्हणून लस फार लवकर दिली तर वाया जाते. फार उशिरा दिली तर मधल्या काळात पिल्लू उघडं पडतं.

मग बरोबर दिवस कोणता? लॅबमध्ये रक्ताचं सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जातात आणि किती पातळ करेपर्यंत ते व्हायरसला अडवतं ते बघतात. याला एचआय टेस्ट म्हणतात आणि उत्तर २ च्या घातात येतं. समजा एका दिवसाच्या पिल्लाची पातळी २ चा ६ वा घात, म्हणजे ६४ आहे. आईच्या अँटिबॉडी साधारण साडेचार दिवसांत निम्म्या होतात. म्हणजे दर साडेचार दिवसांनी घात १ ने कमी. १४ व्या दिवशी घात सुमारे २.९, म्हणजे पातळी ७ च्या जवळपास. २८ व्या दिवशी जवळजवळ शून्य. फर्स्ट इयरच्या रेडिओअॅक्टिव्ह डिके सारखंच गणित!

यावरूनच वेळापत्रक ठरतं. साधारण पद्धत अशी:

१) पहिला दिवस: मॅरेक्स. ही हॅचरीतच टोचतात आणि ती मुख्यतः अंड्याच्या कोंबड्यांसाठी असते.
२) ५ ते ७ वा दिवस: राणीखेत (एफ-स्ट्रेन किंवा लासोटा), डोळ्यात एक थेंब.
३) १२ ते १४ वा दिवस: गंबोरो.
४) २१ ते २८ वा दिवस: लासोटाचा बूस्टर, बहुतेक वेळा पिण्याच्या पाण्यातून.
५) ६ व्या आठवड्याच्या आसपास देवीची लस पंखाच्या पातळ पडद्यात, आणि ८ व्या आठवड्यात आर-टू-बी. या दोन जास्त दिवस पाळायच्या कोंबड्यांसाठी. आर-टू-बी तिखट लस आहे, ती लहान पिल्लांना कधीच द्यायची नाही.

तुमच्या भागात नेमकं काय द्यायचं ते पशुवैद्यकीय डॉक्टरच सांगतील. वरचा तक्ता फक्त लॉजिक समजण्यासाठी.

मग ५ व्या दिवशी आईच्या अँटिबॉडी भरपूर असताना लस का देतात? कारण डोळ्यात! कोंबडीच्या डोळ्यामागे हार्डर नावाची ग्रंथी असते. डोळ्यात टाकलेला थेंब तिथे आणि पुढे नाक-घशात जाऊन स्थानिक संरक्षण तयार करतो. आईच्या अँटिबॉडी मुख्यतः रक्तात असतात, त्या तिथे कमी आड येतात. व्हायरस दारातूनच येतो, म्हणून पहिला वॉचमन दारात.

अकोल्याचं ऊन आणि दोन किलो बर्फ

आता तिसरं उत्तर, आणि माझ्या मते वऱ्हाडापुरतं सगळ्यात मोठं. या लसी जिवंत व्हायरसच्या असतात. त्या २ ते ८ डिग्री सेल्सिअसमध्येच ठेवाव्या लागतात. आणि अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो.

माझ्या मामांचं दर्यापूरकडे दोन हजार पक्ष्यांचं शेड आहे. कपाशीने दोन वर्षं दगा दिला म्हणून बँकेचं कर्ज काढून त्यांनी ते उभं केलं. एका उन्हाळ्यात अर्ध्याहून जास्त बॅच मानमोडीने गेली. लस दिली होती, पावती होती, तारीखही बरोबर होती. गावातल्या पशुवैद्यकांनी एकच प्रश्न विचारला, "लस आणली कशी?" लस आली होती मोटरसायकलच्या डिकीत, दुपारी एक वाजता, नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. म्हणजे कोंबड्यांना जे दिलं ते लस नव्हतं, रंगीत पाणी होतं. मामी त्या दिवशी जेवल्या नाहीत. हप्ता तर बँक मागणारच, तिला मानमोडी समजत नाही.

मी मेकॅनिकलची, म्हणून हिशोब करून पाहिला. साधारण ३० सेंमी लांब-रुंद आणि २५ सेंमी उंच थर्मोकोलचा डबा घ्या. पृष्ठभाग सुमारे अर्धा चौरस मीटर. जाडी ४ सेंमी. थर्मोकोलची उष्णतावाहकता सुमारे ०.०३५ वॅट प्रति मीटर-केल्विन. बाहेर ४४, आत ४ डिग्री. फरक ४०.

उष्णता = ०.०३५ × ०.५ × ४० ÷ ०.०४ = १७.५ वॅट

म्हणजे तासाला ६३ किलोज्यूल. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. म्हणून एक किलो बर्फ सव्वापाच तास पुरतो, दोन किलो दहा तास. झाकण सारखं उघडलं तर कमी. थर्मोकोल निम्म्या जाडीचा असेल तर वेळही निम्मा. अकोल्याहून तेल्हारा किंवा अमरावतीहून परतवाडा-सेमाडोह-हरिसाल मार्गे धारणी, एसटीने जायचं असलं तरी दोन किलो बर्फात काम होतं. कुठे काही हजार रुपयांचं नुकसान आणि कुठे दोन किलो बर्फ! लसीसोबत मिळणारं मिसळायचं द्रावणही थंडच हवं, हे लक्षात ठेवा. आणि तेलातली मेलेली लस असेल तर तिला बर्फाला थेट टेकवू नका, ती गोठली की खराब होते.

पाण्यातून लस: सोपी वाटते, सोपी नाही

हजारो पक्ष्यांच्या डोळ्यात थेंब टाकायला माणसं मिळत नाहीत, म्हणून बूस्टर पाण्यातून देतात. इथे चुका जास्त होतात. बोअरच्या किंवा नळाच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर असेल तर क्लोरिन लसीतला व्हायरस मारून टाकतो. त्यामुळे:

लस देण्याच्या एक दिवस आधी आणि एक दिवस नंतर पाण्यात कोणतंही जंतुनाशक नको. भांडी साध्या पाण्याने धुवा. दर लिटरला सुमारे अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळा, म्हणजे उरलंसुरलं क्लोरिन त्यात गुंततं. कोंबड्यांना आधी तास-दीड तास तहानलेलं ठेवा, पण भर उन्हाळ्यात अर्धा तास पुरे. पाणी किती? सोपा नियम: हजार पक्ष्यांना जितके दिवस वय तितके लिटर. २१ दिवसांच्या हजार पक्ष्यांना २१ लिटर, उन्हाळ्यात थोडं जास्त. दोन तासांत सगळं पिऊन संपलं पाहिजे. भांडी पुरेशी ठेवा, नाहीतर दांडगे पक्षी दुप्पट पितात आणि मागचे दुबळे कोरडेच राहतात. आणि हे सगळं पहाटे. दुपारी कधीच नाही.

साखळीचं गणित

आता रिलायबिलिटी. समजा लस चांगली असण्याची, थंड राहण्याची, बरोबर मिसळण्याची, प्रत्येक पक्ष्यापर्यंत पोहोचण्याची आणि पक्ष्याच्या शरीराने प्रतिसाद देण्याची, अशा पाच पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी ९० टक्के बरोबर झाली. ९० टक्के म्हणजे परीक्षेत डिस्टिंक्शनच! पण ०.९ चा पाचवा घात ०.५९. म्हणजे शंभरातल्या एकेचाळीस कोंबड्या उघड्या.

एवढ्या उघड्या राहिल्या तर चालेल का? एक आजारी कोंबडी सरासरी ५ जणींना रोग देत असेल, तर साथ थांबायला १ वजा १/५, म्हणजे ८० टक्के कळप सुरक्षित हवा. राणीखेतबद्दल नेदरलँड्सच्या संशोधकांनी २००८ मध्ये जो अभ्यास छापला, त्यात निदान ८५ टक्के पक्ष्यांत चांगली अँटिबॉडी पातळी हवी असं निघालं. पाच पायऱ्यांतून ८५ टक्के मिळवायचे असतील तर प्रत्येक पायरी ९७ टक्के बरोबर हवी. म्हणजे "लस देल्ली" एवढ्याने होत नाही. लस 'लागली' का, हे बघावं लागतं. लसीनंतर दोन-तीन आठवड्यांनी काही पक्ष्यांचं सीरम तपासून घेता येतं. अकोल्यात तर स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आपल्या घराजवळ आहे. ती नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. अशा ठिकाणी जाऊन विचारायला लाज कसली?

टॉनिकपेक्षा मका बघा

बाजारात 'इम्युनिटी वाढवणाऱ्या' बाटल्या खूप मिळतात. व्हिटॅमिन ए, ई, सी आणि सेलेनियम यांचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण आधी इम्युनिटी कमी करणाऱ्या गोष्टी थांबवा.

एक, बुरशी. पावसात भिजलेला मका किंवा शेंगदाण्याची ढेप यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये हजारो टर्की मेल्या, तेव्हा अशा शेंगदाण्याच्या ढेपेतूनच हे विष प्रथम सापडलं. थोड्या प्रमाणातही ते बर्सा आणि यकृत खराब करतं आणि लसीचा प्रतिसाद घटवतं. "थोडासा काळा पडला मका, कोंबड्याइले चालते" हे वाक्य खूप महाग पडतं.

दोन, अमोनिया. लिटर ओलं झालं की वास येतो. शेडमध्ये शिरल्यावर तुमचे डोळे चुरचुरले तर समजा की कोंबडीच्या श्वासनलिकेतले केसही जळत आहेत. तो व्हायरससाठी उघडा दरवाजा.

तीन, ऊन. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच थंड होते. उष्णतेच्या ताणात शरीरातलं स्ट्रेस हार्मोन वाढतं आणि प्रतिकारशक्ती दबते. छताला चुना, बाजूला ओले बारदाने, वारा खेळेल अशी शेडची पूर्व-पश्चिम दिशा, हे सगळं लसीइतकंच महत्त्वाचं.

जिथे लस नाही तिथे

बर्ड फ्लूची गोष्ट वेगळी. भारतातली पहिली साथ आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये निघाली. नवापूरने २०२१ मध्ये पुन्हा तेच दिवस पाहिले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ मुळे गेले. फ्रान्सने २०२३ पासून बदकांना लस द्यायला सुरुवात केली, पण भारतात एच५एन१ साठी कोंबड्यांना लस देत नाहीत, बाधित भागातले पक्षी नष्ट करतात. कारण लसीमुळे लक्षणं झाकली जातात आणि व्हायरस गुपचूप फिरत राहू शकतो. म्हणून इथे एकच लस: शिस्त. शेडच्या दारात चुना, वेगळी चप्पल, बाहेरचे क्रेट-ट्रे धुतल्याशिवाय आत नाही, कावळे-चिमण्यांना जाळी, आणि मर वाढली की लपवायचं नाही, पशुसंवर्धन खात्याला लगेच कळवायचं. (नीट शिजवलेलं चिकन-अंडी खायला हरकत नाही, ७० डिग्रीला हा व्हायरस मरतो.)

मेळघाटातल्या दहा कोंबड्या

शेवटी ज्यांच्याकडे शेडच नाही त्यांच्याबद्दल. मेळघाटात कोरकू घरांत आठ-दहा कोंबड्या असतात. दवाखाना, वही-पेन, पाहुणा, सण, सगळं त्या कोंबड्यांवर. त्या कोंबड्या म्हणजे घरातल्या बाईचं एटीएम. एकदा मानमोडी आली की एका आठवड्यात खातं रिकामं. अडचण लसीच्या किमतीची नाही, बाटलीची आहे. एका बाटलीत शे-दोनशे किंवा हजार डोस, घरात कोंबड्या दहा, आणि मिसळलेली लस एक-दोन तासांत संपवावी लागते. उपाय एकच: पूर्ण ढाण्याने एकाच पहाटे, कोंबड्या डालग्याखालून सोडायच्या आधी लस द्यायची.

टांझानिया आणि मोझांबिकच्या खेड्यांत 'आय-टू' नावाची ऑस्ट्रेलियात विकसित झालेली, उष्णता बऱ्यापैकी सहन करणारी लस डोळ्यातून, दर चार महिन्यांनी, गावातलेच शिकवलेले लोक देतात. तिथे जमतं तर इथेही जमायला हवं. आपल्याकडे तर पुण्यात औंधला सरकारची स्वतःची पशुवैद्यकीय लस बनवणारी संस्था आहे.

मित्रांनो, फायनल इयरला प्रोजेक्टचे टायटल शोधत आपण नेट पालथं घालतो. माझ्याकडे तीन टायटल आहेत, फुकट घ्या. एक, लस दवाखान्यातून निघाल्यापासून किती वेळ ८ डिग्रीच्या वर होती ते दाखवणारा स्वस्त डबा, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी. दोन, लाईट नसताना दहा तास थंडी धरणारी बर्फाची पेटी, मेकॅनिकलसाठी. तीन, ४५ डिग्रीत आत ३५ ठेवणारं कमी खर्चाचं छत, सिव्हिलसाठी. गाईड कोण हे मॅडम-सरांना विचारा, टेस्टिंगसाठी शेड मी मिळवून देते.

आणि ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी या सुट्टीत गावी जाताना एक काम करा. लस आणणाऱ्या माणसाच्या हातात थर्मोकोलचा डबा आणि दोन किलो बर्फ द्या. बाकी सगळं त्यानंतर.